घासलेला सुरा

अण्णा गेल्याचा फोन आला तेव्हा मी मनातल्या मनात त्याच्याशीच भांडत होते. खोटं कशाला सांगू? तीन वर्षं रोजचंच झालं होतं ते. धामापूरहून वहिनी बोलत होती, "गो, अण्णा गेले..." आणि माझ्या तोंडून निघालं, "असा कसा गेला? आमचा सुरा त्याच्याकडेच आहे!" वहिनी बिचारी काय समजली असेल, देव जाणे.

अण्णा माझा चुलतभाऊ. सगळी नोकरी लष्कराच्या हत्यारं दुरुस्त करणाऱ्या कारखान्यात. निवृत्त होऊन गावी आला आणि आजूबाजूची माणसं आजोबा-पणजोबांनी पलटणीतून आणलेले सुरे, संगिनी, खुकऱ्या घेऊन त्याच्या ओट्यावर येऊ लागली. तो भिंग लावायचा, पातं उजेडात तिरकं धरायचा, मुठीजवळचे ठसे वाचायचा. कधी घडवला, किती झिजला, मूठ मागाहून बदलली का, सगळं वहीत लिहायचा. आणि प्रत्येक नोंदीखाली एक ओळ ठरलेली: कोणी घासला. आमच्याकडे खंडेनवमीला घरातलं लोखंड चकचकीत व्हायलाच हवं ना! चिंच, रेती आणि नारळाच्या सोडणाचा काथ्या घेऊन पिढ्यान्‌पिढ्या घासतात, त्यात ठसे जातात. अण्णाचं डोकंच फिरायचं. कसालच्या एका बड्या माणसाला त्याने तोंडावर सांगितलं, "ह्यो सुरो म्हणान हाडलात? ह्येचो चमचो केलात मरे!" माणूस चहा न घेता उठला. लोकांना दोन गोड शब्द हवे असतात, हे अण्णाला कधी कळलंच नाही.

माझ्या आईचे वडील लढाईवर गेले ते परतले नाहीत. आई तेव्हा पोटात होती. त्यांचा म्हणून एका सोबत्याने आणून दिलेला सुरा आणि एक सरकारी पत्र, एवढाच तिचा बाप. पत्रावर त्यांचा नंबर होता. सुऱ्याच्या मुठीवर कोणीतरी खिळ्याने आकडे कोरले होते, पण गंजाखाली ते आम्हाला वाचता येत नव्हते. दोन्ही जुळतात का, सुरा खरंच बापाचा का, हे तिला डोळे मिटायच्या आत हवं होतं. अण्णाकडे न्यायच्या आदल्या दिवशी मी काय करावं? असा कळकट सुरा माणसासमोर कसा ठेवायचा, म्हणून बसले घासत!

अण्णाने पत्र शेजारी ठेवून भिंग लावलं. "पयले चार जुळतत. फुडले दोन गेले. कोणी घासल्यान?"

"आईने," मी म्हटलं. साठी उलटलेली बाई मी, शाळेत पोरांना खरं बोलायला शिकवलेली...

दुसऱ्या दिवशी तो स्वतः आईकडे आला. दारातच मी त्याला अडवलं. म्हटलं, "हो म्हण रे, जुळले म्हण. तुझं काय जातं?" "काकीक खोटा सांगू?" म्हणून आत गेला आणि सांगितलंन, "काकी, चार जुळतत. दोन कळूचे नाय." आई नुसती मान हलवत राहिली. माझा असा संताप झाला! दोन आकड्यांसाठी म्हातारीचा जीव टांगणीला ठेवला त्या दगडाने. वर "उजेड बदलान बघतंय" म्हणत सुराही घेऊन गेला. तेव्हापासून मी त्याच्याशी बोलले नाही. एक गोष्ट मात्र तेव्हाही खटकली होती. घासण्यावरून आईला तो चकार शब्द बोलला नाही. वयाचा मान ठेवला असेल, असं मी धरलं.

तेराव्यानंतर वहिनीने तेलाच्या फडक्यात गुंडाळलेला सुरा आणि ती वही हातात ठेवली. घरी आले तर आई दारातच बसलेली.

"अण्णान काय लिवल्यान? वाच गो."

मी वाचू लागले. 'पहिले चार आकडे जुळतात. पुढच्या दोन जागा सकाळच्या, दुपारच्या, दिव्याच्या उजेडात पुन्हा पुन्हा पाहिल्या. काही दिसत नाही.' खाली ती ठरलेली ओळ. 'कोणी घासला: ठाऊक आहे. लिहीत नाही.'

पुढे मला वाचवेना. पुढे काही नव्हतंच.

"आई, मी घासला. तुझं नाव सांगितलं त्याला."

"माका तेवाच कळला," आई म्हणाली. "डब्यातली चिंच खंय गेली ती?"

तीन वर्षं दोघांना ठाऊक! एकानेही तोंड उघडू नये? मी रडत होते की चिडले होते, मलाच कळेना. आईने सुरा मांडीवर घेतला आणि त्या चार आकड्यांवरून अंगठा फिरवला, मग पुढच्या रिकाम्या जागेवरून.

"खोबरेल लाव त्येका," ती म्हणाली. "आनी आता घासू नको."