धाकट्याच्या हातातलं झाकण

माझा मुलगा दहा महिन्यांचा होता तेव्हा एका सकाळी त्यानं स्टीलच्या डब्याचं झाकण जमिनीवर फिरवलं. ते पडलं. त्यानं उचलून पुन्हा फिरवलं. मग पुन्हा. कणीक भिजवता भिजवता माझे हात थांबले.

दुसऱ्या घरात आईनं कौतुकानं व्हिडिओ काढून नातेवाइकांना पाठवला असता. पण आमची थोरली लेक स्वमग्न आहे. तिचंही असंच सुरू झालं होतं. झाकण गर्रकन फिरवायची आणि आवाज पार विरेपर्यंत फरशीला कान लावून पडून राहायची. तेव्हा आम्हाला त्यात काही कळलं नव्हतं. धाकट्याच्या वेळी दिवस गेले तेव्हा रामदासपेठेतल्या आमच्या डॉक्टरबाईंनी स्पष्ट सांगितलं, की एका मुलाला ऑटिझम असला की पाठच्या भावंडात त्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते. "होईलच असं नाही. पण पहिल्या दोनेक वर्षांत मेंदू फार झपाट्यानं घडत असतो. आपण लक्ष ठेवू."

लक्ष ठेवायचं म्हणजे काय, ते मला कुणी शिकवलं नव्हतं. दूध पिताना तो माझ्याकडे बघतो की पंख्याकडे, हात हलवतो ते आनंदानं की उगाच, एवढंच मी दिवसभर बघत बसायची. आणि आता हे झाकण.

मी ते काढून घेतलं. तो किंचाळला. सासूबाई आतून धावत आल्या.

"काहून हिसकून राहिली वं त्याच्या हातातून? लेकरू आहे, खेळन नाही त काय करन?"

मी डबे माळ्यावर टाकले. मग तो वाटी फिरवू लागला, वाटी उचलली तर बाटलीचं बूच. नवरा बुटीबोरीच्या कापड गिरणीत आहे. कामावरून आला की आधी मुलाला उचलून घ्यायचा. त्या दिवशी त्यानं चपलाही काढल्या नव्हत्या, तोच मी मोबाईल त्याच्यापुढे धरला. धाकट्याच्या हातांचे व्हिडिओ, एकामागून एक.

तो म्हणाला, "तू लेकराले खेळवून राहिली का त्याची परीक्षा घेऊन राहिली?"

"तुम्हाला दिसत नाही का?"

"दिसते ना. म्हणून तर डॉक्टरकडे जाऊ म्हणतो."

तपासणीच्या खोलीत डॉक्टरबाईंनी त्याला गालिच्यावर खेळण्यांसमोर बसवलं आणि मागून नावानं हाक मारली. त्यानं वळून पाहिलं नाही. पुन्हा हाक मारली. तो ठोकळ्याकडेच बघत राहिला. माझी ओढणी मी मुठीत इतकी आवळली होती की बोटं दुखायला लागली. तिसऱ्या हाकेला त्यानं मान वळवली, पण ती हाकेनं वळवली की दाराच्या आवाजानं, मला सांगता येईना. डॉक्टरबाईंच्या चेहऱ्यावरूनही काही कळेना.

मी माझे व्हिडिओ दाखवले. त्यांनी शांतपणे पाहिले. "हे फिरवताना तो बघतो कुठे?"

मी व्हिडिओ पुन्हा चाळले. माझ्या एकाही व्हिडिओत त्याचा चेहरा नव्हता. नुसते हात.

"माझ्याकडे एक आहे," नवरा म्हणाला. भावाला पाठवायला म्हणून त्यानं तो दारातून काढला होता. त्यात पूर्ण खोली दिसत होती. एका बाजूला आमची लेक झाकण फिरवत होती आणि तिच्यासमोर धाकटा बसला होता. तो तिच्याकडे बघायचा, मग आपलं बूच फिरवायचा, पडलं की पुन्हा तिच्याकडे बघून हसायचा. ती मान वर करत नव्हती. पण शेवटी तिनं आपलं झाकण, जे ती कुणाला हातही लावू देत नाही, हळूच त्याच्याकडे ढकललं.

डॉक्टरबाईंनी तो व्हिडिओ पुन्हा लावायला सांगितला.

"हा बहिणीकडून शिकतोय," त्या म्हणाल्या. "सगळीच बाळं एकच गोष्ट परत परत करतात. हात तसेच शिकतात, मेंदूही. मला एवढंच बघायचं असतं, की त्यासोबत माणसांकडे बघणं, आवाज काढणं, बोट दाखवणंही वाढतंय का. एका व्हिडिओवरून मी काही ठरवणार नाही. पण झाकण लपवू नका. तुम्हीही एक घेऊन त्याच्यासमोर बसा."

मी बसले. पुढचं वर्ष सोपं गेलं नाही. तो बोट दाखवू लागला, पण शब्द लवकर फुटेना. दर तपासणीच्या आधी मला जेवण जात नसे. त्यानं दोन वर्षं ओलांडल्यावर एका दुपारी डॉक्टरबाई म्हणाल्या, की ऑटिझमची लक्षणं त्यांना दिसत नाहीत. बोलणं थोडं मागे आहे, त्यावर काम करू, तीन वर्षांचा झाला की एकदा परत आणा. परतताना ऑटोत मी इतकी रडले की ऑटोवाल्यानं गाडी बाजूला घेऊन पाणी पाहिजे का विचारलं.

घरी सासूबाईंनी पेढे आणून ठेवले होते. नातवाला छातीशी धरून त्या म्हणाल्या, "सुटला वं, सुटला माया नातू!"

लेक तिथेच, कूलरसमोर बसली होती. ऑटोत मलाही नेमकं हेच वाटलं होतं. पण तो शब्द तिच्यासमोर ऐकला आणि सुईसारखा टोचला.

"आई, सुटला म्हणू नका. ती म्हणजे काही आजार नाही, त्यातून सुटायला. आपल्याच घरची आहे."

सासूबाई नातवाला खाली ठेवून आत गेल्या. मला वाटलं, रागावल्या. थोड्या वेळानं त्यांनी एक ताटली पुसून त्यात फक्त पेढा ठेवला, शेजारी चिवडा नाही, कारण दोन पदार्थ एकमेकांना लागलेले लेकीला चालत नाहीत. ताटली तिच्यापुढे ठेवून त्या जरा अंतरावर बसल्या.

"घे वं बाई. तुयाच आहे."

लेकीनं पेढ्यावरचा पिस्ता काढून टाकला, पेढा खाल्ला आणि बोटं चाटली.

"अजून," ती म्हणाली.