बाकावरची वीस मिनिटं

नणंद-भावजयीचं जमलं तर सूर्य पश्चिमेला उगवेल म्हणतात. या दोघींच्या घरात तो रोजच तिकडून उगवायचा. कपड्यांच्या कारखान्यातही त्यांची मशिनं शेजारी-शेजारी होती. वहिनी शर्टाच्या कॉलरी शिवायची आणि नणंद त्या शर्टाला लावायची. नणंदेला सगळा कारखाना टकळी म्हणे, कारण मशीन एक वेळ बंद पडेल, पण हिचं तोंड नाही.

चार वर्षांपूर्वी फाटकापाशी बायकांच्या तपासणीची गाडी आली. गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर वेळेत सापडला तर बाई वाचते, असं तिच्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं. वरच्या मजल्यावरच्या ऑफिसातल्या बायकांची ही तपासणी दरवर्षी मोठ्या दवाखान्यात व्हायची, वर भरपगारी सुट्टी. खाली शिवणाऱ्यांच्या वाट्याला ही गाडी, एकच दिवस, चार वाजेपर्यंत. त्यात मुकादमाचा नियम, की शेजारची दोन मशिनं एकदम रिकामी ठेवायची नाहीत, काम तुंबतं. टकळीने वहिनीला आधी पिटाळलं.

तपासणी लवकर आटोपली. गाडीजवळ एक बाक होता आणि त्यावर ऊन पडलं होतं. सकाळी कारखान्यात शिरलेली बाई दिवस मावळल्यावरच बाहेर पडायची. दुपारचं ऊन वहिनीच्या अंगाला कित्येक वर्षांत लागलं नव्हतं. ती जरा टेकली, डोळे मिटले, आणि त्या 'जरा'ची वीस मिनिटं झाली. मग टकळी धावत गेली. रांगेत तिच्यापुढे दोघी उरल्या असताना गाडीचं दार लागलं.

वहिनीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. टकळी मात्र सुईत दोरा ओवत म्हणाली, "जाऊ दे गं, पुढच्या वर्षी जाईन. ऊन कसं होतं ते सांग."

पुढच्या वर्षी गाडी आली नाही. त्याच्या पुढच्याही वर्षी नाही. वहिनीच्या तपासणीत बारीकसं काहीतरी निघालं होतं, ते सरकारी दवाखान्यात एका दिवसात काढून टाकलं. ऑफिसातल्या एका बाईंना तोच कॅन्सर निघाला, पण वेळेत. काही महिन्यांत त्या पहिल्यासारख्या जिना चढू लागल्या. टकळीला अवेळी रक्त जाऊ लागलं तेव्हा खाडा पडेल म्हणून ती गप्प राहिली. जन्मभर बडबडलेली बाई नेमकं तेवढंच बोलली नाही. कळलं तेव्हा फार उशीर झाला होता. तिला जाऊन आता दीड वर्ष होईल.

कॉलर झाली की वहिनीचा हात अजून आपसूक डावीकडे, टकळीच्या मशीनकडे जातो आणि कान तिच्या बडबडीची वाट बघत राहतात. एकदा तरी तिने 'तुझ्यामुळे' म्हणून भांडायला हवं होतं, असं वहिनीला वाटतं. भांडायला का होईना, तिने यावं असं वाटतं.

परवा गाडी पुन्हा आली. टकळीच्या जागी आता एक नवी, अबोल बाई बसते. पगार कापतील या धास्तीने ती उठेना. वहिनीने तिला हाताला धरून उठवलं, दोन्ही मशिनं मी चालवते असं मुकादमाला ठणकावलं आणि घाम गाळून चालवलीही. तासाभराने नवी धापा टाकत परतली. चेहरा चोरी पकडल्यासारखा.

"चुकलंच वहिनी," ती म्हणाली. "तपासणी केव्हाच झाली. बाकावर जरा बसले होते."

वहिनीने मशीन थांबवलं.

"ऊन कसं होतं गं?" तिने विचारलं. "सगळं सांग."