परशुराम आजोबांनी गच्च लावलेलं झाकण

उत्तनच्या बंदरावर परशुराम आजोबांचं नाव काढलं की लोक बर्फाचं बोलू लागतात. चाळीस वर्षं त्यांनी बोटीच्या खणात मासळीवर बर्फ रचला. झाकण असं गच्च लावायचे की मुंगीलाही आत वाट मिळू नये. त्यांनी भरलेली मासळी आठव्या दिवशीही ताठ उतरायची. या गोष्टीचा त्यांना भारी गर्व होता आणि तो लपवायचे कष्ट त्यांनी कधी घेतले नाहीत.

नात दिशा नववीत. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनातून जिल्ह्यासाठी एकच प्रकल्प निवडणार होते, आणि तिनं महिनाभर त्याचाच ध्यास घेतला होता. बाईंनी तिला बिस्किटाएवढी काळी चकती दिली होती. ती पुरेशी गार केली की अतिवाहक होते, म्हणजे तिच्यातून वीज विनाअडथळा वाहते आणि तिच्यावर ठेवलेला चुंबक हवेत तरंगतो. गार म्हणजे शून्याखाली एकशे ऐंशी अंशांच्याही खाली. आणि नाव काय, तर ‘उच्च तापमान अतिवाहक’!

“बाकीच्या अतिवाहकांना याच्यापेक्षा खूप जास्त थंडी लागते ना आजोबा, म्हणून हे उच्च.”

“मंग आमचा बर्फ म्हंजे चुलीतला निखाराच की गो!” आजोबा पोट धरून हसले.

एवढी थंडी द्रव नायट्रोजनच देतो. तो आणून दिला पेणकरपाड्याच्या समाधाननं. त्वचेच्या डॉक्टरांकडे नायट्रोजन पोचवणं हे त्याचं रोजचं काम, आणि बाईंच्या शब्दाखातर तो प्रदर्शनाच्या सकाळी मोटरसायकलवरून थेट उत्तनला आला. नायट्रोजनच्या थर्मासला थर्माकोलचं बूच होतं. “काका, बूच सैलच ठेवायचं हां,” त्यानं बजावलं. आजोबांनी मान डोलवली. मनात म्हणाले, काल मिसरूड फुटलेला हा पोरगा मला थंडी राखायला शिकवतोय! तो गेल्यावर त्यांनी बूच दाबून बसवलं आणि वरून चिकटपट्टीचे चार वेढे मारले.

शाळेच्या फाटकाशी ते दिशासोबत रिक्षातून उतरले, थर्मास खाली ठेवला, आणि फट्‌कन आवाज होऊन बूच उडालं. थर्मास कलंडला. पांढरा धूर रस्त्यावर पसरला आणि बघता बघता विरला. कुणाला इजा झाली नाही हे नशीबच. दिशा रडलीही नाही, नुसती बघत राहिली.

फोन केल्यावर समाधान वीस मिनिटांत हजर झाला. त्याच्या जारच्या तळाशी जेमतेम पेलाभर नायट्रोजन उरला होता. त्यानं चिकटपट्टी पाहिली. आजोबांना वाटलं, आता हा सगळ्यांदेखत आपली अब्रू काढणार.

“हे सतत उकळत असतं काका, त्याची वाफ कोंडली की बूच उडतं,” तो हळूच म्हणाला. “बर्फाला ती भानगड नाही. तुमचा हात बर्फाचा, चुकणारच. पण आता एवढ्याशात भागवायचंय, आणि थोडी थंडी पुरवून कशी वापरायची ते तुम्हालाच ठाऊक.”

आजोबांनी खिशातला चाकू काढला. थर्माकोलच्या जाड तुकड्यात चकतीच्या मापाचा खळगा कोरला, इतका नेमका की बाजूला बोटभरही जागा वाया जाऊ नये. हातमोजे घालून समाधाननं नायट्रोजन बेताबेतानं ओतला. चकती निवली. दिशानं चिमट्यानं चुंबक वर ठेवला आणि तो अधांतरी राहिला. बोटानं टिचकी मारली तर गरागरा फिरू लागला. आजोबांना समाधानला मिठी मारावीशी वाटली.

परीक्षकांनी मात्र नेमकं बोट ठेवलं. “एवढा मोठा थर्मास, आणि नायट्रोजन इतका कमी का?”

“सर, माझ्या हातून सांडला,” दिशा म्हणाली. “निष्काळजीपणा झाला.”

परीक्षकांनी वहीत काहीतरी लिहिलं. मागे उभ्या आजोबांनी ते ऐकलं. महिनाभराचे कष्ट पणाला लागलेले, आणि पोरीनं त्यांची चूक अंगावर घेतली होती! ते गर्दीतून पुढे आले.

“सायब, लिवलेला खोडा. पोरीनं काय सांडलं न्हाय. झाकन मी लावलं. चाळीस वर्सां मासली राखली, त्या घमेंडीत ह्या समाधानचा ऐकला न्हाय. ह्यानं चारचौघांत एक शब्द न काढता माझी लाज राखली. आनि आता नात राखतेय. ह्यांच्या उपकारात मी हाय, पन तिचे मार्क कापू नका.”

परीक्षकांनी वहीतली ओळ खोडली. दिशानं सगळ्या शाळेसमोर आजोबांचा हात धरला, आणि पुढचा वर्ग बघायला येईपर्यंत सोडला नाही.