आईच्या बाजूचं दार

पंचमीला आप्पा त्या गाडीतून न्यायला येणार, असा निरोप घेऊन भाऊ तलवाड्याला माझ्या सासरी आला, तेव्हा मी भाकरी थापत होते. चुलीपासूनच त्याला सांगितलं, त्या गाडीत मी पाय ठेवणार नाही, एसटी काही बंद पडलेली नाही. तो चहा पिऊन गेला. माझा स्वभाव त्याला माहीत होता.

गाडी निजामाच्या काळातली. बदली होऊन चाललेल्या कुणा अधिकाऱ्याकडून आजोबांनी घेतलेली, बाटलीसारखी हिरवी, गोल मडगार्डांची. गेवराईत आमचं कापडाचं दुकान कुठंय ते विचारावं लागायचं, गाडी मात्र सगळ्यांना ठाऊक. ती आप्पांची होती खरी, पण पुढचं डावीकडचं दार आईचं. ते नुसतं ओढून लागत नसे. आत बसायचं, कोपराने दार जरासं वर उचलायचं आणि मग ओढायचं. आमच्यापैकी कुणी करून पाहिलं की ती हसायची. "सरका तिकडं," म्हणायची, "तुमच्या बापाचं अन् ह्या दाराचं मलाच कळतंय." दाराचं एकदा बघायला पाहिजे, असं आप्पा दर वर्षी म्हणत. राहू द्या, मला येतंय की, असं ती दर वर्षी म्हणे. माझ्या लग्नानंतरच्या पहिल्या पंचमीला दोघं मिळून मला न्यायला आले होते, तेव्हाही हेच झालं.

त्याच वर्षी कपिलधारच्या यात्रेहून परतताना वाळूचा ट्रक समोरून अंगावर आला. आप्पांनी गाडी रस्त्याखाली घातली आणि ती उलटली. आप्पांचा खांदा मोडला. आईचं दार उघडलं आणि ती बाहेर फेकली गेली.

आमच्यात माणसाला बसवून माती देतात. कपाळाला विभूती लावून तिला बसवली, तेव्हा ती मला गाडीतच बसल्यासारखी दिसली. घरी आल्यावर सगळ्यांदेखत मी आप्पांना म्हणाले, "ते दार तेवढं नीट केलं असतं तर?"  त्यानंतरच्या दोन पंचम्यांना मी माहेरी गेले नाही.

हायवेवर तेव्हा नव्या चकचकीत गाड्या दिसायला लागल्या होत्या. जुनी भंगारात द्या आणि तसली एखादी घ्या, असं जो तो आप्पांना सांगत होता. त्यांनी मात्र तो चेपलेला सांगाडा मिस्त्रींच्या गॅरेजात ओढत नेला. हे कळलं तेव्हा माझं डोकंच फिरलं. बायको गेली आणि ह्यांना मोटारीचं पडलंय, असं मी नवऱ्याला म्हणाले. खोटं कशाला सांगू, वाईट बोलले.

पंचमीच्या आदल्या दिवशी दुपारी हॉर्न वाजला. तोच, घसा बसल्यासारखा. माझा राग तेवढ्यापुरता कुठं गेला कोण जाणे, मी पिठाच्या हातांनी दारात धावले. दोघं आले असतील, असंच वाटलं मला. पुढं आप्पा एकटे होते. मागं मिस्त्री बसले होते, गाडी वाटेत रुसली तर सोबत असावी म्हणून आलेले.

आप्पा पाय धुवायला गेले आणि मिस्त्रींनी चहा पिता पिता गाऱ्हाणं सांगायला सुरुवात केली. चाळीस वर्षांत असं गिऱ्हाईक बघितलं नव्हतं म्हणे. गाडीचं काम सांगाड्यापासून धरतात, दारं शेवटी बसवतात. आप्पांचा हट्ट एकच, आधी मालकिणीच्या बाजूचं दार. मिस्त्रींनी परोपरीने समजावलं, पण ऐकेनात. शेवटी केलं. मग सांगाडा सरळ केला तर दार बसेना. पुन्हा नवा पत्रा ठोकला, तर बिजागरीचा खांब हलवावा लागला आणि तेही वाया गेलं.

"तीनदा केलं, बाई, तेच दार," मिस्त्री म्हणाले. "बाकीची गाडी तर त्येंनी बघितलीबी न्हाई."

मी पिशवी घेऊन बाहेर आले. मिस्त्री आधीच मागं जाऊन बसले होते. आप्पा आईच्या बाजूचं दार उघडून उभे होते, मोडलेला खांदा अजून जरा खाली. मला म्हणायचं होतं, मी एसटीने येते. पण आईच्या जागेवर जाऊन बसले आणि काही विचार न करता कोपर लावून दार उचलायला गेले. ते उचललंच जाईना.

आप्पा बाहेरूनच म्हणाले, "उचलू नको, माय. आता लागतंय."

मी नुसतं ओढलं. टक्‌ करून लागलं. इतकं सोपं, की मला रडूच आलं. मला हे चांगलं दार नको होतं. मला ते जुनं कुरकुरणारं हवं होतं, आणि सरका म्हणून ते लावून देणारी आई.

आप्पा वळसा घालून आले, स्टिअरिंगवर हात ठेवून बसले. गाडी चालू करेनात.

"लई उशीर केला म्या," ते म्हणाले.

होय म्हणायला जवळपास तीन वर्षं तोंडाशी शब्द होते. नाही म्हणवेना, खोटं बोलायची मला सवय नाही. मी म्हणाले, "चला, आप्पा."

गेवराई येईपर्यंत माझं कोपर त्या दाराला लागलेलं होतं.