कौसाबाईची साक्ष

औषध कशाला म्हणावं, याबद्दल शिरगावच्या कौसाबाईची मतं पक्की होती. औषध म्हणजे सुई. सुईच्या जोडीला लाल बाटली, आणि डॉक्टर फारच मायाळू असला तर सलाईन. नवरा महिपती याला जरा कणकण आली की ती त्याला रिक्षात घालून उल्हासनगरला, कॅम्प पाच भागात न्यायची. तिथला डॉक्टर काही न विचारता आधी सुई टोचायचा. न विचारता ओळखतो तोच खरा डॉक्टर, असं तिचं म्हणणं. दुसऱ्या दिवशी महिपती उठून कामाला लागायचा. तो तसाही उठला असता, पण हे तिला सांगायची कुणाची छाती होती?

पुढे घराजवळच सरकारी दवाखाना झाला आणि तिथे किर्ती मॅडम आल्या. लेकीच्या वयाच्या. प्रश्न मात्र ढीगभर विचारायच्या आणि शेवटी द्यायच्या काय, तर दोन गोळ्या आणि वाफ घ्यायचा सल्ला. “हात आखडता हाय पोरीचा,” असं कौसाबाई गावभर सांगायची. पण दुसऱ्या कुणी मॅडमना नाव ठेवलं की पदर खोचून भांडायची, “तिच्या हाताला गुण हाय!” ही दोन्ही मतं तिच्या डोक्यात शेजारी राहत होती आणि एकमेकांशी कधी बोलत नव्हती.

त्या दिवशी ती सर्दी घेऊन गेली. नेहमीप्रमाणे तापाच्या पांढऱ्या गोळ्या मिळाल्या, सुई नाही. बाहेर आली तर बाकावर एक चष्मेवाला माणूस बसलेला, येणाऱ्याजाणाऱ्याला काहीबाही विचारून मोबाइलवर टिपत होता. रांगेतल्या तुळशीने तिला कोपर मारलं.

“तपासणी आलीय. मॅडम औषधं बरोबर देते का, ते बघतायत. खराब निघालं तर बदली.”

बरोबर देते का? कसली बरोबर! एक सुई देत नाही, बाटली देत नाही. आता या माणसाला खरं कळलं तर पोरगी गेलीच. कौसाबाईने गोळ्यांची पट्टी कमरेच्या पिशवीत खोल कोंबली आणि बाकावर जाऊन बसली.

“मी उन्मेष,” तो माणूस अदबीने म्हणाला. “आजी, आज डॉक्टरांनी तुम्हाला काय काय दिलं?”

“सुई दिली,” कौसाबाई म्हणाली. त्याच्या भुवया वर गेल्या. खूश झाला वाटतं, म्हणून तिने पुढे रेटलं. “बाटली दिली. लाल गोळ्या, पिवळ्या गोळ्या. त्या दोन रंगांच्या असतात ना, त्यापण. मूठ भरून देते बघ. हात एकदम सढळ!”

उन्मेषने सगळं टिपलं, तिचा केस पेपर मागितला आणि तो वाचता वाचता त्याचा चेहरा बदलला. कागदावर सुई नव्हती. तो उठून आत गेला. थोड्या वेळाने किर्ती मॅडम बाहेर आल्या, पांढऱ्याफटक पडलेल्या.

“मावशी, मी तुम्हाला इंजेक्शन दिलं?”

घाबरू नको, मी सांभाळते, अशा अर्थाने कौसाबाईने त्यांना डोळा मारला. तो नेमका उन्मेषने पाहिला. “कागदावर न लिहिता इंजेक्शन देणं गंभीर आहे, मॅडम,” तो म्हणाला.

आता मात्र म्हातारीचं धाबं दणाणलं. तिने पिशवीतून पट्टी काढून त्याच्यापुढे धरली. “सुई नाय दिली रं. मी खोटा बोलले. एवढ्याच दिल्या.”

“मॅडम समोर आहेत म्हणून आता असं सांगताय का?”

खोटं बोलले ते याने झटक्यात लिहून घेतलं, आणि खऱ्याला पुरावा मागतो! हा कुठला न्याय, कौसाबाईला काही उमजेना.

किर्ती मॅडम तिच्या शेजारी बसल्या. “मावशी, माझ्यासाठी खोटं कशाला बोललात?”

“तुमची बदली झाली तर मना कोण हाय? तुमीच मना उभी केली ना!”

“कशी उभी केली, ते यांना सांगा.”

मग कौसाबाईने सांगितलं. उन्हाळ्यात तिला इतकी चक्कर यायची की भाजी विकायला टोपलीपाशी बसता येत नव्हतं. ज्या ज्या डॉक्टरकडे गेली, त्याने गोळ्या वाढवल्या. शेवटी सगळ्या गोळ्या पिशवीत भरून तिने मॅडमच्या टेबलावर ओतल्या होत्या. त्यानंतर चक्कर गेली ती गेलीच.

“मॅडमनी त्यावर कोणतं औषध दिलं?” उन्मेषने विचारलं.

ती अडखळली. मॅडमकडे पाहिलं, तर त्या म्हणाल्या, “खरं तेच सांगा.”

“दिला काय नाय,” ती पुटपुटली. “होत्या त्यापण काढून घेतल्या. प्रेशरची तेवढी एक ठेवली.”

उन्मेषने मॅडमकडे पाहून मान डोलावली आणि तो शब्दन् शब्द टिपू लागला. आपण काय बोलून बसलो, ते कौसाबाईच्या आत्ता ध्यानात आलं. ज्या पोरीला वाचवायचं, तिचा चिक्कूपणा आपल्याच तोंडाने सरकारात नोंदवला! तिला रडू फुटलं. किर्ती मॅडमनी तिचा हात घट्ट धरला. त्यांचेही डोळे भरले होते आणि तरी त्या हसत होत्या. यात हसण्यासारखं काय होतं?

“तेवढा खोड रं बाबा,” कौसाबाईने उन्मेषपुढे हात जोडले. “पोरीची नोकरी जाईल.”