नागोजीअण्णा आणि समीकरणातलं पाणी

नागोजीअण्णांना रसायनशास्त्र मी शिकवलं, असं मी बरीच वर्षं फुशारकीनं सांगत असे. आता सांगत नाही. काय झालं ते मात्र सांगते, कारण ते स्वतः तर कुणाला सांगायचे नाहीत.

१९६१ साली मी पुण्याहून बी.एस्सी. होऊन बंगळूरला आले आणि खनिजं तपासणाऱ्या एका छोट्या सरकारी प्रयोगशाळेत केमिस्ट म्हणून लागले. वय चोवीस, तोंड फटकळ. नागोजीअण्णा तिथे एकोणीस वर्षं हंगामी मदतनीस होते. वय चव्वेचाळीस, काळी टोपी, चामराजपेटेतून सायकलवर यायचे. शहाजीराजांच्या वेळी त्यांचं घराणं इकडे आलेलं. घरात मराठीच, पण निम्मी कानडी मिसळलेली. मी त्यांच्याहून वीस वर्षांनी लहान, तरी पहिल्या दिवसापासून ते मला अक्का म्हणायला लागले. मला ते काही आवडेना. मॅडम म्हणत जा, असं मी एकदा स्पष्ट सांगितलं.

"सरी, अक्का," ते म्हणाले. सरी म्हणजे कानडीत बरं. पुढे मीच नाद सोडला.

खनिजात लोखंड किती आहे ते शोधायचं, हे आमचं रोजचं काम. दगडाची पूड विरघळवायची, त्यात सल्फ्युरिक ॲसिड घालायचं आणि वरून परमँगनेटचं जांभळं पाणी थेंब थेंब सोडायचं. फिका गुलाबी रंग टिकला की थांबायचं. ॲसिड कमी पडलं तर सगळं तपकिरी होऊन बसतं. माझ्या हातून पहिल्या महिन्यात चारदा तपकिरी झालं. अण्णांच्या हातून कधीच नाही. ॲसिड किती घालायचं हे ते नुसत्या नजरेनं ठरवायचे, आणि ते बरोबर असायचं.

त्या वर्षी वरून हुकूम आला की हंगामी मदतनिसांनी लेखी परीक्षा द्यायची. पास होतील ते कायम. पंचेचाळीस पूर्ण झाली की परीक्षेला बसता येणार नाही. म्हणजे अण्णांना ही एकच संधी होती. सात जण बसणार होते. त्यांना शिकवायचं मी आणि प्रश्नपत्रिकाही मीच काढायची. मुख्य प्रश्न म्हणजे समीकरण संतुलित करणं. तो चुकला की नापास.

बाकीच्या सहा जणांचा मला काही त्रास झाला नाही. मी फळ्यावर लिहायचे, ते वहीत उतरवून घ्यायचे आणि पाठ करायचे. अण्णांचं तसं नव्हतं.

"लोखंड एक इलेक्ट्रॉन गमावतं," मी सांगितलं, "म्हणून त्याचा आकडा दोनाचा तीन होतो."

"गमावलं तर कमी व्हायचं की, अक्का. वाढलं कसं?"

"इलेक्ट्रॉन ऋण असतो. ऋण गेलं म्हणून वाढलं."

त्यांनी मान डोलावली, पण चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच प्रश्न. तिसऱ्या दिवशी नवा. "एका परमँगनेटला पाच लोखंडं मिळून पाच इलेक्ट्रॉन देतात. मग ते पाच शेवटी कुठं लिहायचे?"

"लिहायचे नाहीत."

"पाच जणांनी दिलं, आणि कुठं दिसत नाही?"

मी कपाळाला हात लावला. आणि समीकरण कुठलंही असो, त्यांना आधी चौकशी करायची असे. फ्लास्क कुठला? पाणी गरम की गार? ॲसिड घातलं का? तीन आठवडे मी सहन केलं. शेवटी सगळ्यांसमोर माझा पारा चढला.

"नागोजीअण्णा, तुमच्या डोक्यात काही शिरत नाही! हा फ्लास्क नव्हे, कागद आहे. प्रश्नात छापलंय तेवढंच घ्यायचं. पदरचा एक थेंबही घालायचा नाही. कळलं?"

बाकीचे सहा जण हसले. अण्णांनी टोपी काढून परत घातली. "कळलं, अक्का," ते म्हणाले. त्यानंतर त्यांनी काहीही विचारलं नाही, आणि मला वाटलं, सुटले एकदाची.

परीक्षा झाली. सहा जणांचं समीकरण अगदी चोख आलं. अण्णांच्या कागदावर नुसती खाडाखोड होती. आकडे लिहिलेले, खोडलेले, पुन्हा लिहिलेले. खोडरबरानं एका जागी कागद फाटला होता. खाली एक ओळ मोडक्या इंग्रजीत होती, तिचा अर्थ असा: उजवीकडे पाणी आहे, ते कुठून आलं मला कळलं नाही.

मला राग आला. एवढं शिकवून हे! मी लाल पेन्सिलीनं शून्य दिलं. यादी वर गेली आणि फलकावरही लागली.

दोन दिवसांनी दुपारच्या सुट्टीत अण्णा माझ्या टेबलापाशी आले. विनवणी करतील म्हणून मी ओठ घट्ट मिटून बसले.

"निकालाचं काही नाही, अक्का," ते म्हणाले. "पण ते पाणी कुठून आलं, तेवढं दाखवा. दोन दिवस जेवण जाईना मला."

मी प्रश्नपत्रिका उघडली आणि तिच्यात होतं तसं समीकरण फळ्यावर उतरवलं. डावीकडे परमँगनेट आणि फेरस सल्फेट. उजवीकडे तीन सल्फेटं आणि पाणी. मँगनीज सातावरून दोनावर, लोखंड दोनावरून तीनावर. मी भराभर आकडे मांडले. सल्फेट डावीकडे दहा झाली, उजवीकडे अठरा. कुठेतरी बेरीज चुकली म्हणून पुसलं. पुन्हा मांडलं, पुन्हा दहा आणि अठरा. मग पाणी जुळवायला गेले, तर डावीकडे हायड्रोजनच नाही. रोजचं समीकरण, शंभरदा लिहिलेलं, आणि ते जुळत नव्हतं. तिसऱ्यांदा पुसताना हात खडूनं पांढरा झाला होता.

अण्णा मागे हात बांधून उभे होते. ते अगदी हळू म्हणाले, "अक्का, स्वल्प ॲसिड घालायचं का? चालेल का?"

मी प्रश्नपत्रिका पाहिली. सल्फ्युरिक ॲसिड मी लिहिलंच नव्हतं. प्रश्न काढताना माझ्याच हातून गळलं होतं. सहा जणांनी पाठ केलेलं उत्तर उतरवलं होतं, त्यात आठ रेणू ॲसिड आपोआप आलं होतं. प्रश्न नीट वाचला होता तो फक्त अण्णांनी. आणि त्यांना तिथे अडवलं होतं मी.

मला इतकी लाज वाटली की मी खुर्चीवर बसले. "चूक माझी आहे, अण्णा. तुमचं बरोबर होतं."

"छापलेलं चुकतं होय?" ते म्हणाले. ते खरंच गोंधळले होते.

त्याच दिवशी मी मोठ्या साहेबांकडे गेले. माझी चूक लिहून, खाली सही करून दिली. साहेबांनी कागद दोनदा वाचला. "सातांपैकी सहांना जमलं. मग प्रश्न चुकीचा कसा?" मी फळ्यावर करून दाखवते म्हटलं, तर ते म्हणाले, त्यांना वेळ नाही. दीड महिन्यानं वरूनही तेच उत्तर आलं: बहुसंख्य उमेदवारांनी प्रश्न सोडवला असल्याने फेरविचाराचे कारण दिसत नाही. तोवर अण्णांना पंचेचाळीस पूर्ण झाली होती.

ते हंगामीच राहिले. माझ्यावर कधी रागावले नाहीत. संक्रांतीला त्यांच्या बायकोनं, सोयरावहिनींनी केलेली तिळाची वडी डब्यातून आणायचे. मी कुणावर डाफरले तर गालात हसायचे. सगळं पूर्वीसारखंच होतं, एक गोष्ट सोडून.

एकोणीस वर्षं ज्यांनी नुसत्या नजरेनं ॲसिड घातलं, ते आता रोज सकाळी फ्लास्क घेऊन माझ्या टेबलापाशी यायचे.

"ॲसिड घातलंय, अक्का. बघून घ्या."

"अण्णा, तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं. मला काय विचारता?"

"सरी," ते म्हणायचे, आणि फ्लास्क तसाच धरून उभे राहायचे. "तरी एकदा बघा."

१९६९ मध्ये ते गेले, त्याच्या आदल्या दिवसापर्यंत मी रोज बघत होते. एकदाही कमी पडलेलं नव्हतं.