वस्तऱ्याचा जोड

वस्तरा हे काही त्याचं खरं नाव नव्हे. रेकॉर्डिंग स्टुडिओत टेप कापून जोडायचं काम त्याच्याकडे होतं आणि शर्टाच्या खिशात कागदात गुंडाळलेलं दाढीचं पातं कायम असायचं. वादकांनी गमतीनं ठेवलेलं नाव असं चिकटलं, की एकदा त्याच्या सासऱ्यांनीच स्टुडिओच्या दारात येऊन, "आमचे वस्तरा आहेत का आत?" असं विचारलं.

कामात मात्र त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. तेव्हा गाणं एका दमात रेकॉर्ड व्हायचं. एक मोठी खोली, वीस-बावीस व्हायोलिनवाले, बासरीवाले, तालवाले, मागच्या भिंतीला चिकटून कोरस आणि मधोमध गायिकेचा माइक. कुणाचं वाद्य जास्त ऐकू आलं तर त्या माणसालाच दोन पावलं मागे सरकवायचं. आवाज नको म्हणून पंखे बंद. सगळे घामानं निथळत वाजवायचे आणि एकाचा सूर घसरला की सगळ्यांनी पुन्हा पहिल्यापासून. मग वस्तरा दोन बऱ्या टेकमधले चांगले भाग निवडायचा, टेपवर पिवळ्या पेन्सिलीनं खुणा करायचा, तिरकं कापून चिकटपट्टी लावायचा. जोड तो शांततेत कधी द्यायचा नाही, तिथे लोकांचे कान टवकारलेले असतात. तो श्वासावर द्यायचा. गायिका श्वास घेते तेव्हा ऐकणारा पुढच्या शब्दाची वाट बघत असतो, त्याला बाकी काही कळत नाही. ही त्याची स्वतःची युक्ती, आणि तिचा त्याला भारी अभिमान.

त्याची धाकटी बहीण कोरसमध्ये गायची. घरात ती बारकी, स्टुडिओतही तेच नाव. मुख्य गायिकेला सगळे नुसतं 'बाई' म्हणत. बाई उशिरा यायच्या, म्हणून तालमीला त्यांच्या जागी बारकीला उभं करत. बाईंसारखंच गायचं, म्हणजे वादकांना अंदाज येतो, एवढंच तिचं काम. ते ती इतकं हुबेहूब करायची, की एकदा बाईंचे यजमान बाहेरच्या बाकावर बसून म्हणाले होते, "आज आमची मंडळी लवकर आलेली दिसतेय."

त्या एका गाण्याच्या दिवशी बाईंना ताप होता. अंतऱ्यातली एक ओळ उंच चढून तिथेच थांबायची होती. अकरा टेक झाले आणि अकराही वेळा बाईंचा आवाज वर जाऊन फाटला. शेवटी त्या रुमालानं डोळे पुसत गाडीत बसून निघून गेल्या. एवढे सगळे वादक पुन्हा एका दिवशी मिळायला महिना गेला असता. संगीतकारानं दार लावून घेतलं.

"सकाळची तालीम टेपवर आहे?"

होती. तालीमही टेप करून ठेवायची वस्तऱ्याला सवय होती.

"मग बारकीची ती एक ओळ लाव. आणि वस्तरा, ही गोष्ट या खोलीबाहेर जाता कामा नये."

वस्तऱ्यानं लावली. श्वास बाईंचा, ओळ बारकीची, पुढचा श्वास पुन्हा बाईंचा. तालवाला इतका पक्का, की सकाळच्या आणि दुपारच्या लयीत केसाएवढाही फरक नव्हता. तालमीची टेप दुसऱ्या दिवशी पुसून वापरायला गेली. बाईंचा कापलेला तुकडा नियमाप्रमाणे कचऱ्यात जायचा, पण का कोण जाणे, त्यानं तो खिशात घातला आणि घरी बटणांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवून दिला.

गाणं तुफान गाजलं. लोक नेमकी तीच ओळ डोळे मिटून गुणगुणायचे. रेडिओवर ते पहिल्यांदा लागलं तेव्हा बारकी हातातलं काम टाकून उभी राहिली.

"दादा, ही ओळ माझी आहे."

"जेवून घे बघू आधी," वस्तरा म्हणाला.

बावीस वर्षांची पोर ती, तिच्या पोटात किती दिवस राहणार? कोरसमधल्या दोघीतिघींना तिनं सांगितलं आणि आठवड्यात ते संगीतकाराच्या कानावर गेलं. त्यानं सगळ्यांना स्टुडिओच्या अंगणात जमवलं आणि शांतपणे विचारलं, "वस्तरा, तूच सांग. त्या गाण्यात दुसऱ्या कुणाचा तुकडा लावलास का?"

घरी दोन लहान मुलं होती आणि नोकरी या माणसाच्या हातात. वस्तऱ्यानं खिशातलं पातं चाचपलं. बारकी त्याच्याकडे बघत होती, अगदी निर्धास्त. आपला दादाच आहे म्हटल्यावर काळजी कसली?

"नाही," तो म्हणाला. "अख्खं गाणं बाईंचंच आहे."

त्या दिवसापासून बारकी खोटारडी ठरली. कुठल्याच स्टुडिओत तिला कुणी दारात उभं करेना. ती औषधांच्या कारखान्यात बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवायला लागली आणि एकतीस वर्षं चिकटवत राहिली. लग्न केलं नाही, भावाकडेच राहिली. शेजारीपाजारी त्याचं कौतुक करायचे, बहिणीला कसं सांभाळतो म्हणून. सांभाळतो म्हणे! गळा कापून वर पट्टी लावणं याला सांभाळणं म्हणत असतील तर त्यात त्याचा हातखंडाच होता.

पहिली काही वर्षं ते गाणं लागलं की बारकी उठून रेडिओ बंद करायची. मग नुसतीच खोलीतून निघून जायला लागली. मग तेही थांबलं. आणि एकदा भाजी निवडता निवडता म्हणाली, "बाईंनी काय सूर लावलाय रे इथे." वस्तऱ्याला वाटलं, टोमणा मारतेय. त्यानं तिच्या तोंडाकडे पाहिलं, तर ती मनापासून बोलत होती. निदान तेव्हा तरी त्यानं तोंड उघडायचं. पण तो मूग गिळून बसला.

बाई गेल्या. संगीतकारही गेला. वस्तऱ्याची बायको गेली, मुलं आपापल्या संसाराला लागली आणि घरात भाऊबहीण दोघंच उरली. गाण्याला सेहेचाळीस वर्षं झाली तेव्हा रेकॉर्ड कंपनीनं ते स्वच्छ करून नव्यानं काढायचं ठरवलं. जुन्या जोडांचा डिंक वाळून टेप सुटायला लागली होती, म्हणून तिथल्या इंजिनिअर मुलीनं शोधून काढून वस्तऱ्याला बोलावलं. जाड भिंगाचा चष्मा लावून त्यानं चौदा जोड पुन्हा बसवून दिले.

"काका, या ओळीच्या दोन्ही बाजूंना जोड आहे," मुलगी म्हणाली. "इथे काय होतं?"

"खोकला," वस्तरा म्हणाला. सवयच ती.

दोन दिवस त्याला अन्न गोड लागलं नाही. तिसऱ्या दिवशी तो पत्र्याचा डबा घेऊन त्या मुलीसमोर जाऊन बसला. तिनं तो वळकटी झालेला तुकडा हलक्या हातानं मशीनवर चढवला. बाईंचा आवाज वर गेला आणि फाटला. तिनं तो दोनदा ऐकला. मग वस्तऱ्यानं तिला सगळं सांगितलं, सेहेचाळीस वर्षांत पहिल्यांदाच. सांगताना तो रडला.

"कव्हर शुक्रवारी छपाईला जातंय," मुलगी म्हणाली. "बारकीआत्यांनी स्वतः एवढंच सांगायचं, की ही ओळ माझी. त्यांचं नाव घालून घ्यायचं माझ्याकडे लागलं. फोनवर सांगितलं तरी चालेल." मूळ ओळ आणि तो तुकडा, दोन्ही तिनं त्याच्या फोनवर घालून दिलं.

बारकी स्वयंपाकघरात डबे पुसत होती. त्यानं तिला खुर्चीवर बसवलं आणि आधी गाण्यातली ओळ लावली.

"बाईच त्या," ती म्हणाली.

"बाई नव्हेत. ही तू आहेस. मी तेव्हा खोटं बोललो, बारके. हे मी बाईंचं कापलं होतं, हे बघ." त्यानं डब्यातला तुकडा लावला.

आवाज वर चढला आणि फाटला. बारकी ऐकत राहिली. तिचा चेहरा हळूहळू बदलला आणि वस्तऱ्याला वाटलं, ओळखलं हिनं.

"हा माझा," ती म्हणाली.

"नाही गं! हा बाईंचा. तुझा तो आधीचा."

"दादा, फाटका तो माझाच असणार. बाई कशाला फाटतायत?" तिनं त्याच्या हातावर हात ठेवला. "म्हणजे माझी ओळ तू लावून पाहिलीस, आणि अशी निघाली म्हणून काढून टाकलीस. कुणाला कळू दिलं नाहीस. आणि मी चारचौघांत तुलाच खोटं पाडायला निघाले होते. इतकी वर्षं मनात राग धरला रे तुझ्यावर. माझं चुकलं."

त्यानं परोपरीनं सांगितलं. शपथा घेतल्या, पुन्हा पुन्हा दोन्ही ऐकवलं. ती हसून मान हलवायची. म्हातारपणी भाऊ आपली समजूत घालतोय, याचंच तिला अप्रूप. अंगणातल्या त्या एका वाक्यावर तिनं तेव्हा विश्वास ठेवला नव्हता, पण पुढे ठेवावा लागला, नाहीतर भावाच्या घरात राहणार कशी होती? आता तो विश्वास काढून घेणं त्याच्या हातात राहिलं नव्हतं.

शुक्रवारी सकाळी फोन आला.

"काका, आत्या काय म्हणाल्या? नाव काय घालू?"

बारकी समोर उभी होती. नको, नको, असं हातानं खुणावत होती. "आता हसं नको करूस माझं," ती हळूच म्हणाली. "एकदा झालं तेवढं पुरे."

वस्तऱ्यानं फोन या हातातून त्या हातात घेतला.

"अख्खं गाणं बाईंचंच आहे," तो म्हणाला.

बारकीनं सुटकेचा श्वास सोडला आणि ती चहा टाकायला आत गेली.